उतरता खांदा

दिवाळीची गिऱ्हाइकी ओसरली की अण्णा घरचं शिवायला घेत. शिंप्याच्या घरच्यांना नवं कधी सणाला मिळत नाही, सण गेल्यावर मिळतं, ही निकुंभांकडची जुनी चेष्टा होती. त्या बुधवारीही सगळं नेहमीसारखंच होतं. देवळाली कॅम्पच्या बाजारातल्या ‘निकुंभ टेलर्स’मध्ये सकाळचं ऊन कटिंग टेबलाच्या मध्यापर्यंत आलं होतं. जुने कारागीर हनीफभाई मागच्या खोलीत एका कॅप्टनच्या कोटाला काजं करत बसले होते. अण्णांची लेक उज्वला कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला जाण्याआधी अण्णांचा चहा द्यायला दुकानात आली होती. आणि सोमनाथकाकांची, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाची, नात वेदिका आपली नवी जीन्स टेबलावर पसरून अण्णांची मनधरणी करत होती.

“मोठे आजोबा, गुडघ्यावर जरा अजून फाडून द्या ना. तुमच्या हाताने नीट फाटेल.”

अण्णांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “साठ वर्षं लोकांचं फाटलेलं शिवलं. आता शेवटी फाडायला बसवतेस होय?”

“फॅशन आहे ती.”

“मला शिकव फॅशन! याच टेबलावर बेलबॉटम कापल्यात मी. एका पायात तिघं मावतील अशा. तीन वर्षांत तेच लोक त्याच पँटी घेऊन परत आले. मास्तर, आवळून द्या.” अण्णांनी खडूने गुडघ्यावर दोन रेघा मारल्या, जणू लष्करी मेस-ड्रेसचा खिसाच आखत होते. “अंग तेच असतं गं माणसाचं. त्याला कोण म्हणून दिसायचंय, तेवढंच बदलतं.”

वेदिका फाटकी जीन्स घेऊन खुशीत गेली. अण्णांनी गळ्यातली टेप काढली. “उज्वला, उभी राहा.”

हे दर वर्षीचं होतं. गिऱ्हाइकाचं माप घेताना अण्णा आकडे मोठ्याने सांगत आणि हनीफभाई लिहून घेत. उज्वलाचं माप मात्र ते न बोलता घ्यायचे आणि स्वतःच्या खिशातल्या वहीत टिपायचे. त्यातून तिला वर्षाला एक सुती कुडता मिळे. फिका, साधा, बंद गळ्याचा. तिला तसेच आवडतात असं घरात ठरून गेलेलं होतं.

त्या दिवशी टेप तिच्या पाठीवर जरा जास्त वेळ थांबली.

“काय झालं, अण्णा?”

“काही नाही. वय काय झालं गं तुझं?”

“अठ्ठेचाळीस.”

“दोघींचंही,” अण्णा म्हणाले.

बेचाळीस वर्षांत त्या घरात कुणी ‘दोघी’ हा शब्द उच्चारला नव्हता. उज्वलाने तो ऐकला, न ऐकल्यासारखं केलं, आणि बस चुकेल म्हणून पर्स उचलली. चहाचा कप विसळून ठेवायचाही राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला आलेल्या हनीफभाईंना अण्णा कटिंग टेबलावर डोकं टेकून बसलेले दिसले. शेजारी कात्री बंद करून ठेवलेली होती. समोर डाळिंबी रंगाचं कापड कापून, भाग एकावर एक नीट रचून ठेवले होते. अंग गार पडलेलं होतं.

*

दशक्रियेला पिंडाला कावळा पाच मिनिटांत शिवला. “शिंप्याच्या पिंडाला शिवायला उशीर कशाला करील तो,” सोमनाथकाका घाटावर म्हणाले, आणि मग आपल्याच बोलण्याची लाज वाटून लहान पोरासारखे रडले. धाकटा भाऊ असले तरी सत्तरी ओलांडलेली होती.

लोकांना वाटलं, बरं झालं, मास्तरांची काही इच्छा राहिली नव्हती. उज्वलाला तसं वाटलं नाही. तिला वाटलं, अण्णांनी कुणाची तरी वाट बघायचं सोडून दिलं.

अकराव्या दिवशी सगळे दुकानात जमले. निकुंभांच्या घराण्यात एक रीत होती. मास्तर गेला की त्याने कापलेलं कापड तसंच राहू द्यायचं नाही. घरच्यांनी ते तेराव्याच्या आत शिवून संपवायचं. तेराव्याला प्रत्येक गिऱ्हाइकाने उंबऱ्यापाशी पायातलं काढून उभं राहायचं, स्वतःच्या तोंडाने स्वतःचं नाव सांगायचं आणि कापड घेऊन जायचं. शेवटचं कापड गेलं की मास्तर मोकळा. अण्णांच्या वडिलांच्या वेळी म्हणे एका ब्रिगेडिअरसाहेबाने बूट काढून नाव सांगितलं होतं. शिपाई बाहेर तोंडात रुमाल कोंबून हसत होते, पण साहेब हसला नव्हता.

काकांनी टेबलावरचे कापडाचे गठ्ठे एकेक करून उघडले. प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली होती. कॅप्टनचा कोट. भाजीवाल्या रंगूबाईंचे दोन ब्लाउज. दिंडोरीच्या खंडेरावांची सफारी, कारण द्राक्षाच्या बागेतले खंडेराव अजूनही सफारीच घालत.

“आणि हे?” काकांनी डाळिंबी कापड उलटंपालटं केलं. “लांब कोट दिसतोय बायकी. साहेबांच्या बायका घालतात तसला. चिठ्ठीवर नाव नाही. नुसतं ‘अं’ आणि त्रेचाळीस. हनीफ, कोण गिऱ्हाईक हे?”

हनीफभाई सुईत दोरा ओवत होते. ते थांबले. “सोमनाथभाऊ, ते दुकानाचं गिऱ्हाईक नाही.”

“मग?”

हनीफभाई उठले आणि ट्रायलच्या खोलीत गेले. तिथे पुरुषभर उंचीचा आरसा होता. इंग्रज गेले तेव्हा कुठल्याशा बंगल्यातून आलेला, जाड सागवानी चौकटीचा. तीन पिढ्यांची गिऱ्हाइकं त्याच्यासमोर वळून वळून स्वतःला बघून गेली होती. तो भिंतीत बसवलेला आहे असंच सगळे समजत. हनीफभाईंनी चौकटीच्या खालच्या अंगाला हात घातला आणि आरसा दारासारखा उघडला. उघडताना त्यात खोली फिरली. उज्वलाला त्यात क्षणभर स्वतःचा अर्धाच चेहरा दिसला.

आत अरुंद, खोल कपाट होतं. कडुनिंबाच्या पाल्याचा वास आला. एका दांडीवर ओळीने कपडे टांगलेले होते.

सगळ्यांत पुढे बाहेर जायचा कुडता आणि पलाझो, त्यामागे अनारकली, त्यामागे जीन्स आणि आखूड कुर्ती. जसजसं मागे जावं तसतसे कपडे लहान होत गेले होते. बिनबाह्यांचा पंजाबी ड्रेस. झालरीची मिडी. फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक. एकच मुलगी एका रांगेत उभी होती, सहा वर्षांची ते सत्तेचाळीस वर्षांची. फक्त तिला डोकं नव्हतं.

“अगं बाई गं!” काकांच्या बायकोने, सिंधूकाकूंनी पदर तोंडाला लावला. काकू नांदगावकडच्या. घाबरल्या की पंचेचाळीस वर्षांचं कॅम्पचं वळण गळून पडे. “हे काय भूत पाळलं होतं भावजींनी? कोणाचं हे?”

“प्रत्येकाला आत पट्टी शिवलीय,” वेदिका आत वाकून बघत होती. ती नाशिकला फॅशन डिझाइन शिकत होती, आणि त्या सगळ्यांत भीती वाटण्याऐवजी हरखून गेलेली ती एकटीच होती. “अं, एक. अं, दोन. अं, तीन... दर वर्षी एक. अं म्हणजे?”

शेवटी काका म्हणाले, “अंजनी.”

*

अंजनी कोण, हे वेदिकाला सांगावं लागलं. काकूंनी सांगितलं, हळू आवाजात, कपाटाकडे पाठ न करता. उज्वलाआत्याची जुळी बहीण. सहा वर्षांची असताना दिंडोरीला, एका लग्नात, हळदीच्या दिवशी मळ्यातल्या विहिरीत पडून गेली. दोघींचे चेहरे इतके एक की भावजी मुद्दाम वेगळ्या रंगाचं शिवायचे. लाल ती अंजनी, निळी ती उज्वला. “त्या दिवशी विहिरीवर बोंब झाली, लाल फ्रॉक पाण्यात हाय, लाल फ्रॉक हाय. म्हणजे अंजनी गेली. लय द्वाड होती बाई ती. उज्वला आपली गरीब.”

उज्वला शिलाई मशीनच्या स्टुलावर बसून ऐकत होती. हे तिने अनेकदा ऐकलं होतं. दर वेळी ती गप्प बसून ऐकायची, आणि लोक म्हणायचे, किती समजूतदार.

विहिरीच्या काठावर आईने तिला निळ्या फ्रॉकसकट छातीशी आवळलं होतं. इतकं घट्ट, की पाठीची बटणं तिला टोचली होती. आणि आई तिच्या कानात बोलली होती, “माझी उज्वला राहिली. देवा, दोघींतली हीच ठेवलीस, उपकार झाले.” आई भानावर नव्हती, नंतर तिला आठवलंही नसेल. पण ते ऐकल्यावर सहा वर्षांच्या मुलीने ‘आई, मी अंजनी’ असं कसं म्हणायचं? त्या दिवशी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी म्हणू असं तिला वाटलं. मग शाळेच्या हजेरीत एक नाव कमी झालं, दाखल्यावर, नोकरीच्या कागदावर ‘उज्वला’ हेच राहिलं. नाव चुकीच्या मापाच्या कपड्यासारखं असतं. सारखं घालत राहिलं तर अंगच त्याच्या बेताने वागायला लागतं. ती गरीब झाली. तिला फिके रंग आवडायला लागले. पंधरा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा तिच्या उशाशी बसूनही तिने सांगितलं नाही.

अण्णांना माहीत होतं का, हे तिला आयुष्यभर कळलं नव्हतं. आता कळण्याची वाटही बंद झाली होती. हे कपडे कुणासाठी होते? मेलेल्या मुलीसाठी वेड्या बापाने शिवलेले, की तिच्यासाठी? एवढंच तिला हवं होतं. जगात कुणा एकाला तरी ती कोण आहे हे माहीत होतं की नाही.

“जाळून टाका,” काकू म्हणत होत्या. “मेलेल्या लेकराला असं वाढवू नाय. ते मग जात नाय. तेराव्याला दारणेच्या काठी नेऊन सगळं जाळा, ते डाळिंबीसुद्धा.”

“आजी, वेडी आहेस का?” वेदिकाने एक ड्रेस छातीशी धरला. “हे बघ ना. ब्याण्णव सालचा गळा. हे सत्त्याण्णवचं, तेव्हा सगळ्या सिनेमात असं होतं. हे दोन हजार वीस, सुती गाऊन आणि त्याच कापडाचा मास्क! बेचाळीस वर्षं, एकाच माणसाने, एकाच मुलीसाठी. असं कुठे बघायला मिळेल? मी हे कॉलेजात लावणार.”

“दादाच्या हातचं आहे,” काकांनाही मोह पडला. त्यांनी एका झालरीची शिलाई बोटाने चाचपली. “जाळायचं म्हणजे... बघ तरी सिंधू, टाका बघ. यंत्राला येणार नाही.”

“तुम्ही गप बसा. टाका बघताय!”

वेदिका दांडीवरून एकेक काढत होती. मध्येच तिच्या हातात एक ब्लाउज आलं. हिरवं, जरीच्या काठाचं, पाठीला बंद, दंडावर मोर. नवरीचं. पट्टीवर अं, तेवीस. त्या वर्षी उज्वलाचं मालेगावचं एक स्थळ जमता जमता मोडलं होतं. मुलाकडचे म्हणाले होते, मुलगी फार शांत आहे, आतून काही कळत नाही.

काकांचा हात झालरीवरून खाली आला. “दादाने तिचं लग्नसुद्धा लावलं?” त्यांचा आवाज बदलला. “नको. सिंधू म्हणते तेच बरोबर. जाळायचं.”

आणि काकू, ज्यांनी जाळायचं म्हटलं होतं, त्या पुढे होऊन तो मोर बघू लागल्या. “काम मात्र काय केलंय हो... माझ्या सुनेच्या लग्नात मी असंच मागत होते, तेव्हा भावजी म्हणाले, डोळे गेले माझे.” त्यांना रडू आलं, रागाने की कशाने ते त्यांनाही कळलं नसावं.

“आत्या, तू बोल ना,” वेदिका म्हणाली. “तुझी बहीण.”

“काका म्हणतील तसं,” उज्वला म्हणाली.

वेदिकाने तोंड वाकडं केलं. मग तिला काहीतरी सुचलं. तिने पलाझोवरचा कुडता उज्वलाच्या अंगाशी लावून पाहिला. “बघ, बरोबर तुझी उंची. जुळी होतात, म्हणून मोठ्या आजोबांनी तुझंच माप धरलं असणार. कमरही तीच. फक्त खांदा...” ती थांबली. मागे सरून तिने दांडीकडे पाहिलं. “आजोबा, हे बघा. सगळे कपडे एका अंगाला का कललेत?”

तेव्हा सगळ्यांना ते दिसलं. हँगर सरळ होते, पण प्रत्येक कपडा डावीकडे झुकलेला होता. बेचाळीस कपडे एकाच बाजूला मान वाकवून काहीतरी ऐकत असल्यासारखे. पंखा बंद होता, तरी मागचा एक फ्रॉक किंचित हलला. काकूंनी काकांचा सदरा धरला.

“डावा खांदा उतरता कापलाय,” काका कोरडेपणाने म्हणाले. “पाऊण इंच असेल. अंजनीचा होता तसा, टेपलाच कळायचा. जन्मतःच. उज्वलाचा नव्हता.”

“मग बरोबर. आत्याचा सरळ आहे,” वेदिका म्हणाली.

उज्वलाने उजव्या हाताने डावा खांदा धरला. कुडत्याच्या आत, शिवणीखाली, तिच्या बोटांना कापडाची जाड पट्टी लागली. ती तिथे कायमच असायची. तिला वाटायचं, अण्णांची पद्धतच असेल.

हनीफभाई तिच्याकडे बघत होते.

“दोन वर्षं तू नागपूरला होतीस,” काकूंना अचानक आठवलं. “तेव्हा कुठून घेतलं माप? त्या सालाचेही दोन हायेत ना यात?”

“मीही विचारलं होतं मास्तरांना,” हनीफभाई म्हणाले. “म्हणाले, ती येते. आरशासमोर उभी राहते. मी माप घेतो.”

बाहेर रस्त्यावरून तोफखान्याचा एक ट्रक गेला आणि आरशाची काच बारीक थरथरली.

“आणखी एक आहे,” वेदिका म्हणाली. ती आता हळू बोलत होती. दांडीच्या अगदी शेवटी, भिंतीला टेकून एक छोटा फ्रॉक होता. निळा. सहा वर्षांच्या मुलीचा. तो कललेला नव्हता. त्याचे दोन्ही खांदे सरळ होते. तिने पट्टी उलटली. “याच्यावर ‘अं’ नाही. ‘उ’ आहे. आणि पुढे आकडाच नाही. आत्या, हा तुझा. पण मग तुझा एकच का?”

उज्वला उठली आणि पाणी प्यायला मागच्या खोलीत गेली.

*

बाराव्या दिवशी डाळिंबी कोट शिवायला ती आणि हनीफभाई दोघंच बसली. बाकीचे तेराव्याच्या स्वयंपाकाचं बघत होते. जाळायचं ठरलं होतं. पण रीत मोडायची नाही, म्हणून शिवूनच जाळायचं, असा काकांनी तोडगा काढला होता.

बाह्या जोडून झाल्या. मग तिने विचारलं, “हनीफभाई, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“बेटा, तुझ्या प्रत्येक कपड्याच्या डाव्या खांद्यात पट्टी मीच घातली. बाहेरून सरळ दिसावं म्हणून.” त्यांनी दोरा दाताने तोडला. “शाळेच्या गणवेशाचं माप घेतलं ना, पहिल्यांदा, विहिरीनंतर महिनाभराने, तेव्हा मास्तर इथे, या पायरीवर येऊन बसले. मला म्हणाले, हनीफ, माझी कुठली पोर गेली तेच मला कळलं नव्हतं. आता कळलं. उज्वलासाठी मी आज रडतोय, आणि घरात जाऊन रडता येत नाही.”

मशीनचं पायडल थांबलं.

“मग बोलले का नाहीत?”

“भाभी तेव्हा कुठे भाकरीचा तुकडा खायला लागल्या होत्या. त्यांची उज्वला जिवंत होती म्हणून खात होत्या. नंतर, भाभी गेल्यावर, मीच म्हटलं, मास्तर, आता तरी. तर म्हणाले, नाव तिचं आहे. तिने सहा वर्षांची असताना लपवलं, काहीतरी कारण असेल. ती सांगेल तेव्हा पट्टी काढू. मी बोललो तर तिला वाटेल, बापाने पकडलं.”

“मी त्यांची वाट बघत होते.”

“आणि ते तुझी.” हनीफभाईंनी कोट तिच्या हातात दिला. “या खांद्यात पट्टी घालायची का, सांग. मास्तरांनी ठेवली नाहीये.”

ती कॉलर टाचायला लागली. टाके तिरके पडत होते. संध्याकाळपर्यंत तिने ते तीनदा उसवले.

*

तेराव्याला सकाळी नऊपासून गिऱ्हाइकं आली. काका टेबलामागे उभे राहून विचारत, “नाव?” कॅप्टनने बूट काढले, हुद्द्यासकट नाव सांगितलं, आणि कोट घेताना सवयीने सॅल्यूट केला. रंगूबाई कोर्टात उभ्या असल्यासारख्या ओरडून बोलल्या, आणि मग म्हणाल्या, “मास्तर, बाह्या आखूड केल्या असतील तर याद राखा,” आणि अण्णांच्या फोटोकडे बघून डोळे पुसले. खंडेरावांनी सफारी छातीशी लावून पाहिली. लोक हसत होते, रडत होते, पायरीवर चहा घेत होते. टेबल हळूहळू रिकामं झालं.

दुपारी बाहेरचं कुणी उरलं नाही. काकांनी कपाटातले कपडे दोन चादरींत बांधून दारापाशी ठेवले होते. कशी कोण जाणे, बोचकीही एका अंगाला कललेली होती. काकू त्यांच्यापासून चार हात लांब बसल्या होत्या. वेदिकाने चिडून दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं होतं, पण आली होती.

टेबलावर डाळिंबी कोट राहिला होता.

“चला,” काका म्हणाले. “याला नाव सांगणारं कोणी नाही. दादा, माफ कर. रिक्षा बोलावतो. उज्वला, बहिणीच्या कपड्यांना काडी तूच लाव. तुझा हक्क आहे.”

उज्वला टेबलाच्या आतल्या बाजूला उभी होती, घरचे उभे राहतात तिथे. तिला बोचक्यांकडे जायचं होतं. तिचे पाय मात्र टेबलाला वळसा घालून दारापर्यंत गेले, तिथून उंबऱ्याबाहेर. बाहेर ऊन होतं. तिने चपला काढल्या. पायाखालची फरशी तापलेली होती. ती वळली आणि दुकानाकडे तोंड करून उभी राहिली, गिऱ्हाईक उभं राहतं तशी. तिने आज कुडत्याची डाव्या खांद्यावरची शिवण उसवली होती, पट्टी काढून टाकली होती. कपडा एका बाजूला ओघळला होता. हे आत्तापर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता काकांच्या आलं.

ते कोटावर हात ठेवून तिच्या खांद्याकडे बघत राहिले. सकाळपासून लागलेल्या सवयीनेच त्यांच्या तोंडून शब्द निघाला असावा, कारण तो अगदी हळू निघाला.

“नाव?”

“अंजनी,” ती म्हणाली. “अंजनी रंगनाथ निकुंभ.”

“अगं, काय बोलतेस उज्वला!” काकू अर्ध्या उठल्या. “असल्या दिवशी असलं तोंडातून काढू नाय. कोण बोलतंय हिच्या अंगात? अहो, बघा ना हिला—”

“मीच बोलतेय, काकू.” ती काकूंकडे बघत नव्हती, आतल्या फोटोकडेही नाही. ती समोर बघत होती. “विहिरीत उज्वला गेली. तिच्या निळ्या फ्रॉकवर हळदीची वाटी सांडली होती. आई मारेल म्हणून ती गोठ्यामागे रडत बसली होती. मी म्हटलं, माझा लाल घाल, मला माराची सवय आहे. ती नको म्हणत होती. मीच तिला तो घातला. पाठीची बटणं मीच लावली.”